टीडीपीचे वॅट आणि मीटरचे वॅट

उन्हाळा तोंडावर आला की मला एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. "दादा, ऑफिसात चोवीस तास चालणारा लहान सर्व्हर ठेवायचाय. लिनक्स टाकणार आहे. आवाज नको, बिलही कमी यावं. ३५ वॅटचा प्रोसेसर घेऊ की ६५ चा?" विचारणारा लातूरच्या डाळमिलमधला असो, नांदेडच्या अभ्यासिकेतला असो की परभणीत घरीच काहीतरी उभं करू पाहणारा असो, प्रश्न तोच असतो. आणि चूक प्रश्नातच असते. ३५ आणि ६५ हे आकडे तुमच्या मीटरमधून किती वीज जाणार ते सांगतच नाहीत. ते टीडीपीचे, म्हणजे 'थर्मल डिझाइन पॉवर'चे, प्रोसेसरची किती उष्णता बाहेर काढावी लागेल त्याचे आकडे आहेत. दोन्हींच्या पुढे 'वॅट' लिहिलेलं असतं, एवढ्याच कारणाने ही गल्लत गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि तिच्यापायी लोक चांगले पैसे चुकीच्या वस्तूवर घालवतात.

तुम्हाला लिनक्स येतं हे मी धरून चालतो. डेबियन, उबुंटू की फ्रीबीएसडी या वादात इथे शिरत नाही. हाताला जे सवयीचं आहे ते टाका. ॲडॅप्टरवर ६५ वॅट लिहिलंय म्हणजे ६५ वॅट जातात असंही नाही, ती फक्त त्याची कमाल क्षमता. रास्पबेरी पायबद्दलही थोडक्यात सांगतो. पाय ५ सोबत कंपनी २७ वॅटचा ॲडॅप्टर सुचवते, पण रिकामा बसलेला पाय ३-४ वॅटवर निभावतो. ज्याला फक्त जाहिराती अडवायच्या आहेत किंवा शेतातल्या सेन्सरच्या नोंदी ठेवायच्या आहेत, त्याने तो खुशाल घ्यावा. ज्याला कुणाचे हिशेब किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळायच्या आहेत, त्याने मायक्रोएसडी कार्डावर विसंबू नये. सारखी लाईट जाणाऱ्या गावात तर नाहीच नाही.

आता मुख्य घोटाळा.

टीडीपी हा पंखा आणि हीटसिंक बनवणाऱ्यांसाठीचा आकडा आहे. ठरावीक जड काम सतत चालू असताना, प्रोसेसर आपल्या पायाभूत वेगावर असेल तर जितकी उष्णता बाहेर काढावी लागेल, तितकी ती. इंटेलने तर बाराव्या पिढीपासून हे नावच बदललं. आता ते 'प्रोसेसर बेस पॉवर' म्हणतात आणि शेजारी 'मॅक्सिमम टर्बो पॉवर' असा दुसरा, बराच मोठा आकडा छापतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा ६५ वॅट टीडीपीचा प्रोसेसर मूळ सेटिंगमध्येच ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पूर्ण भारालाही हा आकडा वीज सांगत नाही. आणि मशीन रिकामं असताना किती जाते, याच्याशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

उदाहरण जुन्या ऑफिस मशीनचंच घेऊ, कारण सेकंडहँड बाजारात तीच मिळतात. आय५-८५०० आणि आय५-८५००टी. दोन्ही २०१८ चे, दोन्हींना सहा कोअर, दोन्हींची घडण १४ नॅनोमीटरची. पहिल्याचा टीडीपी ६५ वॅट, पायाभूत वेग ३.० गिगाहर्ट्झ, कमाल ४.१. दुसऱ्याचा टीडीपी ३५ वॅट, पायाभूत वेग २.१, कमाल ३.५. 'टी' अक्षर लागलं की दुकानदार दोन-तीन हजार जास्त सांगतो आणि "निम्मी वीज खातो" म्हणतो. ते निम्मं वगैरे काही नाही. मी दोन्ही एकाच बोर्डावर, एकाच एसएसडीवर, एकाच डेबियनवर बसवून मोजलेत. काम नसताना दोघांमध्ये अर्ध्या वॅटचाही फरक दिसला नाही.

एसटीच्या दोन सारख्या गाड्या डोळ्यांपुढे आणा. एकीला वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर लावलाय, दुसरीला नाही. दोन्ही लातूरच्या स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभ्या आहेत. डिझेल दोघींना सारखंच लागणार. गव्हर्नरचा परिणाम गाडी बार्शी रोडला लागून जोरात निघाली की मग दिसतो. 'टी' म्हणजे तो गव्हर्नर. आणि घरचा, क्लासचा, लहान ऑफिसचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ स्टँडवरच उभा असतो. सकाळी दहा-बारा जण एकदम फाईल उघडतात, रात्री बॅकअप चालतो, मधल्या काळात तो नुसता वाट बघत बसतो.

यावर एक मुद्दा हमखास येतो: काम चालू असताना तरी 'टी' वीज वाचवेल ना? चिपपुरतं बघितलं तर थोडी वाचवतो. कमी वेगावर व्होल्टेज कमी लागतं आणि तेवढंच काम थोड्या ऊर्जेत होतं. पण तेच काम उरकायला त्याला वेळ जास्त लागतो, आणि तोवर मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड सगळं ताटकळत जागं राहतं. वेगवान चिप काम आटोपून लवकर झोपी जाते. वर्षाच्या बिलात दोघांचा हिशेब जवळपास फिटतो.

आणि तुम्हाला खरंच ३५ वॅटची मर्यादा हवी असेल तर ती विकत घ्यायची गरजच नाही. बायोसमध्ये पीएल१ नावाचं, प्रोसेसरच्या दीर्घकालीन वापराची वॅट-मर्यादा ठरवणारं सेटिंग मिळतं. नसेल तर लिनक्सच्या पॉवरकॅपमधून दीर्घकालीन मर्यादा ३५ वर आणता येते, फक्त बायोसने ती कुलूपबंद केलेली नसावी. साध्या ८५०० चा कामापुरता 'टी' होतो. पुन्हा मोकळा करायचा झाला तर तेही एका ओळीचं काम. उलट दिशेने, 'टी' चा ८५०० मात्र होत नाही.

'टी' ची खरी जागा एकच: ते लहान, पुस्तकाएवढे ऑफिस डबे. त्यांचा पंखाच ३५ वॅट उष्णतेच्या हिशेबाने बनवलेला असतो. तिथे ६५ वाला कोंबला तर पंखा किंचाळतो. डब्यासोबत 'टी' आला तर आनंदाने घ्या. मोठ्या कॅबिनेटसाठी मुद्दाम शोधून, वर पैसे देऊन घेऊ नका.

हीच चूक उलट्या बाजूनेही होते. एन१०० हा जानेवारी २०२३ मध्ये आलेला प्रोसेसर. चार कोअर, टीडीपी ६ वॅट. "सहा वॅटचा सर्व्हर" म्हणून लोक तो घेतात आणि मीटर लावल्यावर घाबरून फोन करतात. डबा बनवणाऱ्या कंपन्या त्याची मर्यादा बायोसमध्ये बरीच वर, कधी १५, कधी २० वॅटवर नेऊन ठेवतात. भार आला की भिंतीच्या प्लगमधून वीस-पंचवीस वॅट सहज जातात. रिकामा असताना मात्र तोच डबा ६ ते ८ वॅटवर येतो, आणि त्यातला चिपचा वाटा अगदी थोडा. म्हणून एन१०० मला आवडतो तो त्या सहाच्या आकड्यामुळे नाही. त्याचं बोर्ड साधं असतं, भोवती वीज खाणाऱ्या वस्तू थोड्या असतात.

मग रिकाम्या मशीनची वीज जाते कुठे? बहुतेक प्रोसेसरच्या बाहेर. ३.५ इंची फिरती डिस्क काम नसतानाही ४ ते ६ वॅट घेते. अशा दोन डिस्क लावल्या की 'टी' वरची सगळी चर्चा व्यर्थ ठरते. २.५ इंची डिस्कला साधारण एक वॅट पुरतो, एसएसडीला बहुधा त्याहूनही कमी. पॉवर सप्लायचं तर विचारूच नका. '८० प्लस गोल्ड' चा शिक्का बघून लोक निर्धास्त होतात. पण ती चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ४५० वॅटच्या सप्लायचे २० टक्के म्हणजे ९० वॅट. तुमचा सर्व्हर २० वॅटवर बसलाय. त्या जागी सप्लाय कसा वागतो याबद्दल तो शिक्का एक शब्द बोलत नाही. म्हणून लहान सर्व्हरला मी ॲडॅप्टरवर चालणारं बोर्डच सुचवतो.

आणि एक चोर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोअर एकेकटे झोपतात, पण अख्खी चिप गाढ झोपायला सगळ्यांचीच संमती लागते. मोठ्या वाड्यात सगळे झोपले आणि एकच माणूस येरझाऱ्या घालत असला तर ओसरीवरचा दिवा विझवता येत नाही, तसं. एखादं स्वस्त साटा कार्ड किंवा एखादं नेटवर्क कार्ड एएसपीएम (काम नसताना कार्डाची जोडणी झोपवण्याची सोय) नीट पाळत नाही, आणि त्या एकामुळे पूर्ण चिप वरच्या पायरीवर अडकून राहते. पाच-सात वॅट फुकट जातात, रोज, वर्षभर. लिनक्सवर पॉवरटॉप चालवा आणि पॅकेजचे सी-स्टेट, म्हणजे पूर्ण चिपच्या झोपेच्या पायऱ्या बघा; आकडा मोठा तितकी झोप गाढ. सी२ किंवा सी३ च्या खाली मशीन जातच नसेल तर एकेक कार्ड काढून बघा. फ्रीबीएसडीवर सीएक्स लोएस्टचं (किती गाढ झोपू द्यायचं त्याचं) सेटिंग सीमॅक्सवर नेलंय का ते आधी तपासा. या अर्ध्या तासाच्या कामाने जितकी वीज वाचते तितकी कुठलंही अक्षर लावलेला प्रोसेसर वाचवत नाही.

पैशांत बोलायचं तर १० वॅट सतत म्हणजे वर्षाला ८७.६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ८७६ रुपये. अर्ध्या वॅटच्या फरकाला वर्षाचे चव्वेचाळीस रुपये होतात. त्यासाठी तीन हजार मोजणाऱ्याचे पैसे मशीनच्या आयुष्यात वसूल व्हायचे नाहीत.

मोजायचं ते प्लगमध्ये बसणाऱ्या वॅटमीटरने, आणि २४ तासांचे युनिट बघून. वायरमनच्या क्लॅम्प मीटरवर ०.०८ ॲम्पिअर दिसले, गुणिले २३० म्हणजे १८ वॅट, असा हिशेब करू नका. लहान ॲडॅप्टरचा पॉवर फॅक्टर खराब असतो. ते १८ झाले व्हीए, म्हणजे नुसता व्होल्ट आणि ॲम्पिअरचा गुणाकार. खरे वॅट त्याच्या निम्मे असू शकतात. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आरएपीएलचा (प्रोसेसर स्वतःच सांगतो तो विजेचा) आकडाही फक्त चिपचा असतो, त्यात डिस्क नाही, बोर्ड नाही, ॲडॅप्टरमधली गळती नाही.

टीडीपी मग निरुपयोगी का? अजिबात नाही, आणि आपल्याकडे तर नाहीच. तो उष्णतेचा आकडा आहे आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात उष्णतेचाच प्रश्न असतो. विनापंख्याचे डबे थंड खोलीत छान चालतात. पत्र्याच्या छताखाली दुपारी खोलीच ४० अंशांवर गेली की हीटसिंक आणि हवा यांच्या तापमानातलं अंतर कमी होतं आणि उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. मशीन बंद पडत नाही, पण चिप स्वतःचा वेग कापते आणि शेजारची एसएसडी भाजून निघते. 'विनापंखा' म्हणजे आवाज नाही, एवढंच. थंड आणि कमी विजेचा असा अर्थ लोक का लावतात ते मला कळत नाही.

माझी पसंती स्पष्ट आहे. अभ्यासिका, घर, दवाखाना अशा ठिकाणी एक मोठा, १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरवावा. एक-दीड वॅटवर तो चालतो, आणि छताचा पंखा चालू असताना त्याचा आवाज कुणाला येत नाही. छोटा ४० मिलिमीटरचा पंखा मात्र मी कुठेच बसवत नाही. तो डासासारखा गुणगुणतो आणि उन्हाळा संपेपर्यंत खरखरायला लागतो. डाळमिलमध्ये, जिनिंगमध्ये, जिथे हवेत भुसा नि कापसाचे तंतू उडतात, तिथेच विनापंख्याचा डबा, तोही भिंतीवर, उभा, पश्चिमेची भिंत टाळून. आत फिरती डिस्क नको.

लाईट जाण्याचा हिशेबही मीटरच्याच वॅटवर करायचा. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. १० वॅटच्या सर्व्हरला ती कित्येक दिवस पुरेल असं वाटतं, पण इन्व्हर्टर स्वतःच रिकामा चालताना दहा-वीस वॅट गिळतो. म्हणून १२ व्होल्टवर चालणारा डबा निवडा आणि त्याला राउटरला लावतात तसा छोटा डीसी यूपीएस जोडा. यूपीएस किती ॲम्पिअर देतो हे मात्र डब्याच्या पूर्ण भाराशी ताडून बघा, कारण डिस्क सुरू होताना झटका मोठा असतो. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग लावा. सगळं बसवून झालं की मी यूपीएस पूर्ण संपेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद ठेवतो, मग चालू करतो. कुणी हात न लावता मशीन उठलं की प्लगमध्ये वॅटमीटर खोचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला युनिट वाचायला परत येतो.