‘चिप कुठून घेतली?’ उत्पादकांच्या या प्रश्नामागची पार्श्वभूमी

हौशी माणसाने चिपच्या उत्पादकाला तांत्रिक शंका विचारली, की उत्तराआधी बहुधा तीन प्रश्न येतात: चिपवर छापलेली पूर्ण अक्षरे काय आहेत, ती कोणत्या वितरकाकडून घेतली आणि वर्षाला किती नग लागतील? खपाचा प्रश्न जुनाच आहे. खरेदीच्या जागेला आजचे वजन आले ते बरेच नंतर, नकली मालामुळे.

७४१ हा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप (१९६८) आणि ५५५ हा टायमर (१९७२) बाजारात आले त्या काळात मदत म्हणजे छापील डेटाबुक (चिपांच्या तांत्रिक माहितीचे पुस्तक) आणि ॲप्लिकेशन नोट, म्हणजे चिप कशी वापरावी हे सांगणारी टिपणे. चिप वापरण्यात मदत करणारा कंपनीचा ॲप्लिकेशन इंजिनिअर मोठ्या ग्राहकांसाठी असे. त्याच्या वेळेचा खर्च मोठ्या ऑर्डरमधून निघे. दोन नग घेणाऱ्याशी कंपनीचे थेट नातेच नव्हते. पण त्या ॲप्लिकेशन नोट इतक्या मन लावून लिहिलेल्या असत, की अनेकांना आणखी काही विचारायची गरज पडत नसे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेटाशीट, म्हणजे एकेका चिपची माहितीपत्रके, पीडीएफ स्वरूपात कोणालाही मिळू लागल्या आणि ईमेलने प्रश्न विचारता येऊ लागला. मोफत सॅम्पलही मिळत, बहुधा दोन-चार नग. पुढे काहींनी ही सॅम्पल विकायला काढली. मग बऱ्याच कंपन्यांनी फॉर्मवर संस्थेचा ईमेल पत्ता मागायला सुरुवात केली आणि वैयक्तिक पत्ते नाकारले. गैरफायदा घेणारे थोडे होते. दार बंद झाले ते शिकणाऱ्यांचे आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे.

खरा तडा गेला ऑक्टोबर २०१४ मध्ये. एफटी२३२आरएल ही यूएसबीवरून सिरीयल पोर्ट देणारी चिप असंख्य केबलांत आणि बोर्डांत होती, आणि तिच्या नकलाही सर्वत्र पसरल्या होत्या. डायचे (चिपच्या आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याचे) सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेले फोटो पाहिल्यावर कळले, की काही नकलांच्या आत वेगळाच मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी छोटी संगणक-चिप) असून तो मूळ चिपची बतावणी करतो. मूळ उत्पादकाचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आपोआप उतरला. तो चिपच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) अशा रीतीने लिहायचा, की अस्सल चिपवर काहीच परिणाम होत नसे. नकलेचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे संगणक ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक, मात्र ६००१ वरून ०००० होई. त्यानंतर संगणक ते उपकरण ओळखत नसे, आणि दुसऱ्या संगणकाला जोडूनही फरक पडत नसे, कारण बदल चिपमध्येच झालेला असे. जुना ड्रायव्हर टाकून, कॉन्फिगरेशनच्या साधनाने आयडी पुन्हा ६००१ केला की चिप चालू होई. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तर ०४०३:०००० ही उत्पादक आणि प्रॉडक्ट आयडीची जोडीही ओळखायची सोय करण्यात आली.

ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीचा दुसरा ड्रायव्हर आला. नकली चिप दिसली की तो डेटामध्येच ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!’ हे शब्द मिसळायचा. पलीकडे एखादे यंत्र असेल तर ही अक्षरे आज्ञा म्हणून त्याच्याकडे जाणार. आपल्या नावावर दुसऱ्याने माल खपवला याबद्दल कंपनीची चीड रास्तच होती. पण शिक्षा नक्कल करणाऱ्याला झाली नाही; ज्याला आपल्या केबलमध्ये काय आहे हे कळायला मार्ग नव्हता त्याला झाली.

‘नकली’ या शब्दानेही गोंधळ वाढवला. त्यात निदान तीन वेगळे प्रकार येतात. दुसऱ्याचे नाव छापून विकलेली नक्कल हा एक. जुन्या बोर्डांवरून काढून, पृष्ठभाग घासून, वरच्या दर्जाचा क्रमांक छापलेला री-मार्क माल हा दुसरा. यात आतली चिप खरी असते, दर्जा खोटा असतो. फेकून द्यायच्या, चाचणीत नापास झालेल्या चिपा बाहेर पडणे हा तिसरा. यूएसबी-सिरीयलचेच काम करणारी सीएच३४० ही चिप मात्र यांपैकी काहीच नाही. तिचे नाव, आयडी आणि ड्रायव्हर स्वतःचे आहेत. ती फक्त स्वस्त पर्याय आहे. तरीही तिला सर्रास नकली म्हटले जाते, आणि प्रश्न विचारताना हा घोळ केला की उत्तर देणारा चुकीच्याच दिशेने जातो.

त्याच २०१४ मध्ये उलटेही घडले. ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपची माहिती सुरुवातीला जवळजवळ सगळी चिनी भाषेत होती. हौशी मंडळींनी ती भाषांतरित केली, चालवून पाहिली आणि चिप जगभर पोहोचली. उत्पादकाने एसडीके (चिपसाठी प्रोग्राम लिहिण्याचा साधनसंच) खुला केला. मदतीची दिशा उलटली तरी माल खपतो, हे इतक्या उघडपणे आधी क्वचितच दिसले होते.

आजही उत्तर मिळण्याची शक्यता प्रश्नाच्या मांडणीवर ठरते. चिपवरच्या सगळ्या ओळी (डेट कोड, म्हणजे उत्पादनाची तारीख सांगणारा क्रमांक, यासह), डेटाशीटची आवृत्ती, घटकांच्या मूल्यांसह (ओहम, फॅरड वगैरे) सर्किट आणि थेट चिपच्या पिनवर मोजलेला सप्लाय व्होल्टेज एवढे द्यावे. मायक्रोकंट्रोलर असेल तर आधी त्याचा इराटा, म्हणजे ज्ञात चुकांची यादी, वाचावा. चूक कंपनीने कबूल केलेलीच असू शकते. ऑसिलोस्कोपचा फोटो देताना प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावावी, नाहीतर दिसणारी रिंगिंग (सिग्नलच्या कडेला उठणारी थरथर) प्रोबचीच असते.

बरेच प्रश्न डेटाशीटच्या ‘टिपिकल’ (नेहमी आढळणारे, पण हमी नसलेले आकडे) या रकान्यात अडकलेले असतात. एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटर चिपचे उदाहरण घ्या. तिचा आउटपुट दोन रेझिस्टरांनी ठरतो. लोड नसताना आउटपुट वर चढतो, म्हणून चिप नकली ठरवली जाते. डेटाशीटमध्ये किमान लोड करंट (आउटपुट स्थिर राहायला लागणारा किमान प्रवाह) टिपिकल ३.५ मिलिअँपिअर आणि कमाल १० मिलिअँपिअर दिलेला आहे. सर्रास वापरला जाणारा २४० ओहमचा रेझिस्टर १.२५ व्होल्टवर जेमतेम ५.२ मिलिअँपिअर ओढतो. एलएम११७ या जास्त दर्जाच्या भावंडाला तो पुरतो, कारण तिथे कमाल आकडा ५ आहे. ३१७ साठी १२० ओहम लावावा, म्हणजे १०.४ मिलिअँपिअर वाहतात. त्याबरोबर दुसरा रेझिस्टरही निम्मा करायला विसरू नये: ५ व्होल्टसाठी २४० सोबत ७२० ओहम होता, तर १२० सोबत ३६० हवा. ७२० तसाच ठेवला तर आउटपुटला ८.७५ व्होल्ट येतात, आणि पुढचा ५ व्होल्टचा बोर्ड जातो.