रोझा क्लेबर्ग

रोझा (रोझालिया) फॉन रोएडर-क्लेबर्ग (२० जुलै १८१३ – १९०७) : टेक्ससमधील सुरुवातीच्या जर्मन वसाहतकर्त्या स्त्रियांपैकी एक. जन्म जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात, एका सरदार घराण्यात. ४ सप्टेंबर १८३४ रोजी तिचे लग्न ग्योटिंगेन विद्यापीठात कायदा शिकलेल्या रॉबर्ट युस्टुस क्लेबर्गशी झाले. महिना उलटायच्या आत, ३० सप्टेंबरला, हे जोडपे रोझाच्या माहेरच्या माणसांसह ब्रेमेनहून जहाजात बसले.

देश सोडायला निमित्त झाले ते एका पत्राचे. फ्रीडरिख अर्न्स्ट या जर्मनाला १८३१ मध्ये टेक्ससात जमीन मिळाली होती. तिथल्या सुपीक मातीचे वर्णन त्याने ओल्डेनबुर्गमधील मित्राला लिहून कळवले आणि ते पत्र तिकडे छापून आले. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. कुटुंबवाल्या वसाहतकर्त्याला चार हजारांहून अधिक एकर जमीन मिळे, एकट्या माणसाला त्याचा चौथा हिस्सा. जमिनीची ओढ होतीच; शिवाय रॉबर्टला राजेशाहीऐवजी प्रजासत्ताकात राहायचे होते. रोझाचे तीन भाऊ व एक बहीण आधीच पुढे गेली होती.

न्यू ऑर्लीन्सहून घेतलेले छोटे जहाज २२ डिसेंबर १८३४ रोजी गॅल्व्हेस्टन बेटाजवळ फुटले. आज शहर असलेले हे बेट तेव्हा जवळजवळ निर्मनुष्य होते. कारंकावा हे तिथले मूळ रहिवासी शिकार-मासेमारीला येत. माणसे वाचली. बायकामुलांना बेटावर ठेवून रॉबर्ट आणि रोझाचा एक भाऊ आधीच्या मंडळींच्या शोधात निघाले. ती सापडली, पण योआखिम हा भाऊ आणि वालेस्का ही बहीण तोवर दगावली होती. मग एक लहान गलबत भाड्याने घेऊन रॉबर्टने सगळ्यांना फेऱ्या मारून हॅरिसबर्ग गावी आणले.

या कुटुंबाने सोबत काय आणले होते हे पाहण्यासारखे आहे : पियानो, तैलचित्रे, संगीताच्या वह्या. शेतीत मुरलेले हात मात्र कुणाचेच नव्हते. जड सामान आत नेण्याजोगा रस्ता नसल्याने ते हॅरिसबर्गलाच ठेवून मंडळी कॅट स्प्रिंग येथे गेली. तिथल्या झऱ्यापाशी रोएडरांपैकी एकाने रानमांजर मारले, त्यावरून ते नाव पडल्याचे सांगतात. पुरुषांनी ओंडक्यांची घरे उभारली, मका आणि कापूस लावला. पियानो पुन्हा घरात आलाच नाही. टेक्ससच्या वसाहतकऱ्यांनी मेक्सिकोविरुद्ध उठाव केला, तेव्हा एप्रिल १८३६ मध्ये मेक्सिकोचा राज्यकर्ता व सेनानी सांता आना याच्या सैन्याने हॅरिसबर्ग जाळले, त्यात तोही गेला.

त्याच वसंतात बंडखोरांच्या ताब्यातील अलामो या गढीचा पाडाव होताच वसाहतकऱ्यांची पूर्वेकडे पळापळ झाली. घरात खल होऊन ठरले, की म्हाताऱ्या वडिलांनी बायकामुलांसोबत राहावे आणि धडधाकट तरुणांनी सैन्यात जावे. टेक्ससने ज्यात निर्णायक विजय मिळवला, त्या २१ एप्रिलच्या सॅन हॅसिंटोच्या लढाईत रॉबर्ट होता. पुढे कैद झालेल्या सांता आनाच्या पहाऱ्यावरही होता. रोझा त्या दिवसांत घोड्यावर होती, तान्ही क्लारा कवेत, आणि पुढ्यात हाकायची गुरे. टेक्ससच्या इतिहासात लढाईला पाने मिळतात, या घोड्यावरच्या प्रवासाला एखादी ओळ. परतल्यावर कॅट स्प्रिंगचे घर जळालेले आणि गुरे नाहीशी झालेली आढळली. सगळा संसार नव्याने मांडावा लागला.

१८४७ मध्ये कुटुंब डीविट परगण्यात मेयर्सव्हिलजवळ गेले. रॉबर्टने तिथे न्यायाधीशपद सांभाळले. अमेरिकन यादवीत त्याने दक्षिणेची बाजू घेतली. प्रजासत्ताकाच्या ओढीने आलेल्या माणसाने गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूला जावे, हा विरोधाभास त्याच्या चरित्रात नुसता नोंदवून पुढे जातात. तो १८८८ मध्ये वारला.

मुलांपैकी रुडॉल्फ अमेरिकी काँग्रेसचा (संसदेचा) सदस्य झाला, मार्सेलस वकिलीत गेला. धाकट्या रॉबर्टने किंग रँच या प्रचंड पशुपालन जहागिरीची वकिली केली, १८८६ मध्ये मालकाच्या मुलीशी, ॲलिस किंगशी, लग्न केले आणि सासूच्या वतीने रँचचा कारभार पाहिला. त्याचा मुलगा रिचर्ड १९३१ मध्ये काँग्रेसवर निवडून आला, तेव्हा त्याने सचिव म्हणून घेतलेला तरुण म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला लिंडन जॉन्सन.

रोझाच्या आठवणी १८९८ मध्ये टेक्ससच्या इतिहास-त्रैमासिकात इंग्रजीत छापल्या गेल्या. तेव्हा ती पंचाऐंशीच्या घरात होती. वसाहतीच्या पहिल्या वर्षांतील घरगुती तपशील अभ्यासक आजही त्यांतून उचलतात. १९१३ मध्ये दक्षिण टेक्ससात क्लेबर्ग परगणा निर्माण झाला. नाव रोझाच्या नवऱ्याचे, रॉबर्टचे.