कॅबिनेट आणि एसएमपीएस: उष्णतेची वाट, विजेची वाट

घरी संगणक जुळवायचे ठरले की बहुतेकांचे अंदाजपत्रक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरच संपते. कॅबिनेट दिसायला आवडले म्हणून घेतले जाते आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, दुकानदार देईल तो बसवला जातो. या दोन वस्तूंचा विचार खरे तर एकत्र आणि सर्वांत आधी व्हायला हवा, कारण संगणकात शिरणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर पडण्याची वाट कॅबिनेट देते. शिवाय बिघाड होऊन कॅबिनेटच्या पत्र्यावर वीज आलीच, तर ती जमिनीत नेण्याची वाट एसएमपीएसच्या अर्थिंगच्या वायरीतून जाते.

भिंतीतल्या 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टची स्थिर एकदिश वीज तयार करणे हे एसएमपीएसचे काम. जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यात 50 हर्ट्झवर चालणारा जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवत असे. एसएमपीएसमध्ये येणारी वीज आधी एकदिश केली जाते, तेव्हा तिचे व्होल्टेज सुमारे 325 असते. चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर (भिंतीतून घेतलेल्या विजेचा किती नीट उपयोग होतो ते) सुधारणारे सर्किट ते 380 ते 400 पर्यंत चढवते, आणि मग ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. वारंवारता जितकी जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, म्हणूनच 500 वॅटचा एसएमपीएस एका हातात उचलता येतो. कॅबिनेटमध्ये हवे ते बदल करावेत, पण हा डबा मात्र कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मुख्य कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज काही काळ शिल्लक राहू शकते.

1981 सालच्या आयबीएमच्या पहिल्या पीसीला 63.5 वॅटचा पुरवठा पुरत असे आणि 1984 च्या एटी संगणकाला 192 वॅटचा. आज आरटीएक्स 4090 हे एकटे ग्राफिक्स कार्ड 450 वॅट मागते. म्हणून प्रत्येकाने 1000 वॅटच्या मागे लागावे असे मात्र नाही. कमाल 88 वॅट घेणारा प्रोसेसर, 115 वॅटचे आरटीएक्स 4060 आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे मिळून पन्नास-साठ वॅट धरले तर बेरीज 260 च्या आसपास येते, आणि अशा संगणकाला 500 ते 550 वॅटचा दर्जेदार एसएमपीएस अगदी पुरेसा होतो. इतकी जागा राखून ठेवण्याचे कारण असे की ग्राफिक्स कार्डाची मागणी क्षणार्धात सरासरीच्या कितीतरी वर उडी मारते. एसएमपीएससाठीच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 या प्रमाणित आराखड्यात तर 100 मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भारही एसएमपीएसने सोसावा अशी अपेक्षा आहे.

डब्यावर ठळक छापलेला आकडा फसवा असू शकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक 12 व्होल्टच्या वाहिनीवर जगतात, म्हणून लेबलवर त्या वाहिनीपुढे किती अँपियर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला 12 ने गुणावे. ‘450 वॅट’ लिहिलेल्या स्वस्त पुरवठ्यावर त्या रकान्यात 16 अँपियर दिसले, तर उपयोगाचे वॅट फक्त 192 आहेत. अशा पुरवठ्यावर ग्राफिक्स कार्ड चढवणे म्हणजे संपूर्ण संगणक पणाला लावणे आहे.

वायरी आणि जोडण्या यांचेही गणित आहे. 12 व्होल्टवर 600 वॅट वाहून न्यायचे तर 50 अँपियर लागतात, आणि नव्या ग्राफिक्स कार्डांच्या कनेक्टरमध्ये ते सहा पिनांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येक पिनेतून 8 अँपियरहून अधिक प्रवाह जातो. कनेक्टर पूर्ण आत गेला नसेल तर संपर्काची जागा आक्रसते, रोध वाढतो आणि प्लॅस्टिक वितळते. 2022 च्या अखेरीस आरटीएक्स 4090 च्या बाबतीत असे प्रकार जगभर गाजले आणि पुढच्याच वर्षी कनेक्टरची सुधारित रचना आली. कॅबिनेट निवडताना याचा थेट संबंध येतो: बाजूची काच कार्डाच्या इतकी जवळ असू नये की कनेक्टरपाशीच वायर वाकवावी लागेल.

आता उष्णतेकडे वळू. एसएमपीएसची कार्यक्षमता 85 टक्के असेल तर 250 वॅटच्या भारासाठी तो भिंतीतून 294 वॅट घेतो. 90 टक्के असेल तर 278. हा 16 वॅटचा फरक रोज सहा तासांच्या वापरात वर्षाला सुमारे 36 युनिट होतो, म्हणजे युनिटला दहा रुपये धरले तरी साडेतीनशे रुपयांच्या आसपास. केवळ विजेच्या बिलासाठी ब्राँझऐवजी गोल्ड या वरच्या कार्यक्षमतेच्या दर्जाचा एसएमपीएस घेणे त्यामुळे फारसे पटत नाही; डब्याच्या आत कमी उष्णता निर्माण होणे हे मला अधिक महत्त्वाचे कारण वाटते.

कॅबिनेटमधून 400 वॅट उष्णता काढायची आहे आणि आतली हवा खोलीपेक्षा 10 अंशांहून अधिक तापू द्यायची नाही असे ठरवले, तर हवेची घनता आणि विशिष्ट उष्णता यांवरून सेकंदाला सुमारे 33 लिटर हवा वाहिली पाहिजे असे उत्तर येते. 120 मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्या हवेत जवळपास तेवढी हवा हलवतो, पण समोर बंद काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या कॅबिनेटमध्ये त्याच पंख्याचा प्रवाह फार कमी होतो. म्हणून कॅबिनेटमध्ये एकच बदल करायचा झाला तर तो दर्शनी भागात करावा: काच किंवा बंद प्लॅस्टिक काढून तेथे जाळी बसवावी. त्याने जे साधते ते आणखी दोन रंगीत पंखे लावून साधत नाही.

जुन्या कॅबिनेटच्या पत्र्यात पंख्यासाठी नवे भोक पाडायचे असेल तर आधी मदरबोर्डसह सगळे भाग बाहेर काढावेत, कारण लोखंडाचा बारीकसा कीसही मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट सर्किट करू शकतो. 120 मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंची भोके एकमेकांपासून 105 मिलिमीटरवर असतात; ती आधी कागदावर आखून तो कागद पत्र्यावर चिकटवावा, कापल्यावर कड कानशीने घासावी आणि तीवर रबरी पट्टी चढवावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ फटींतून न शिरता फिल्टरवरच अडकते. आपल्याकडच्या धुळीत तो फिल्टर सहज काढून धुता येणे फार गरजेचे आहे.

चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात खोलीचेच तापमान 38 अंश असेल, तर कॅबिनेटमधली हवा 48 पर्यंत पोहोचते. काही एसएमपीएसची छापील क्षमता 40 अंशांवर ठरवलेली असते, काहींची 50 अंशांवर. विदर्भातल्या वाचकांनी दुसरा प्रकार घ्यावा. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, म्हणून त्याला आतली तापलेली हवा न मिळता बाहेरची हवा मिळावी हे चांगले. खालच्या बाजूला बसणाऱ्या एसएमपीएसचा पंखा याच कारणासाठी खाली तोंड करून लावतात, मात्र तळाला जाळी आणि जमिनीपासून पुरेशी उंची हवी.

विजेची जमिनीकडे जाणारी वाट अनेक घरांत तुटलेली असते. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात आणि टेस्टर लावला तर तो पेटतो, हा अनुभव पुष्कळांना आहे. विद्युत गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्यापर्यंत एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लोंबकळतो आणि त्यावर सुमारे 115 व्होल्ट येतात. प्रवाह एक मिलिअँपियरहूनही कमी असल्यामुळे तो सहसा फक्त जाणवतो. खरा धोका पुढचा आहे: आत फेजची वायर पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो आणि अर्थिंग नसताना पूर्ण 230 व्होल्ट हाताची वाट पाहत राहतात. मुंग्या येत असतील तर एसएमपीएस बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेट पुन्हा रंगवताना एसएमपीएसच्या स्क्रूंभोवतीचा पत्रा आणि मदरबोर्डचे पितळी स्टँड जेथे बसतात ती जागा रंगापासून मोकळी ठेवावी, कारण रंगाचा थर विद्युतरोधक असतो.

सुटसुटीत मांडणीसाठी अनेकजण वायरी वेगळ्या करता येणारा मॉड्युलर एसएमपीएस घेतात. अशा वायरींचे मदरबोर्डकडचे टोक प्रमाणित असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, वेगळी असते. जुन्या एसएमपीएसची वायर नव्याला नीट बसते आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या वायरी बदलाव्यात.

घरातला यूपीएसही याच साखळीत येतो. 600 व्हीए (व्होल्ट-अँपियर) लिहिलेला यूपीएस बहुधा 360 वॅटच पेलतो, आणि त्याची वीज शुद्ध साइन तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांची असेल तर पॉवर फॅक्टर सुधारणारे काही एसएमपीएस लाइट गेल्याबरोबर बंद पडतात. नवा एसएमपीएस आणल्यावर संगणकावर पूर्ण भार टाकून यूपीएसचा प्लग भिंतीतून एकदा काढून पाहावा, अर्थातच उघडे असलेले काम आधी जतन करून.