स्थिर सायकलींच्या शक्तिवाचनातील तफावत

एकाच व्यक्तीने सारख्याच जोराने चालवलेल्या दोन स्थिर सायकलींच्या पटलांवर वॉटचे वेगवेगळे आकडे दिसणे. अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा कोकणपट्टीतील गावांच्या जिममध्ये स्पिन बाइक, मॅग्नेटिक बाइक आणि पंख्याची एअरबाइक शेजारीशेजारी उभ्या असतात. तेथे हा अनुभव नेहमीचा आहे. मुख्य कारण असे, की यांतील बरीच यंत्रे शक्ती मोजत नाहीत, अनुमानाने काढतात.

शक्ती म्हणजे परिबल (फिरवणारा जोर, टॉर्क) व कोनीय वेग (फिरण्याची गती) यांचा गुणाकार. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या गतीने २०० वॉट शक्ती देण्यास क्रँकवर (पेडल जोडलेल्या दांड्यावर) सरासरी सुमारे २१ न्यूटन-मीटर परिबल लागते. फेऱ्या मोजायला एक लहान चुंबक व संवेदक पुरतो. अडचण सगळी परिबलाची.

मापनाच्या सायकलीचे, म्हणजे एर्गोमीटरचे, जनकत्व वादग्रस्त आहे. फ्रान्सिस लाउंड्स यांनी १७९६ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘जिम्नॅस्टिकॉन’ला काही लेखक पहिला मान देतात. त्यावर हातपाय हलवता येत, पण श्रम मोजण्याची सोय नव्हती, म्हणून ते या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवणे बरे. १८८० च्या दशकात हाताने फिरवायचे ‘एर्गोस्टॅट’ आले. पायांनी चालवायचे मापकयंत्र १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये बूनी यांनी वापरले, असे मानले जाते. विद्युत्‌चुंबकीय ब्रेकचे श्रेय पाठ्यपुस्तके बहुधा डॅनिश शरीरक्रियावैज्ञानिक ऑगस्ट क्रोग (१९१३) यांना देतात. क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचाही यात वाटा असावा. वस्तुतः फ्रान्सिस बेनेडिक्ट व वॉल्टर केडी यांचे अशाच सायकलीवरील प्रकाशन १९१२ चे आहे, आणि अग्रक्रम त्यांच्याकडे जातो असे मानणे अधिक सयुक्तिक. त्यांच्या यंत्रात तांब्याची चकती विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमधून फिरे. चकतीत उठणारे आवर्त प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत् प्रवाह) तिला रोखत. हे तत्त्व लेआँ फूको यांनी १८५५ मध्येच दाखवले होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सनावळीपेक्षा पद्धतीतील भेद महत्त्वाचा आहे. क्रोग यांच्या रचनेत ब्रेकचे बल वजने ठेवून तोलले जाई. बेनेडिक्ट व केडी यांनी चुंबकातील विद्युत् प्रवाह व फेऱ्यांची गती यांवरून शक्ती सांगणारे अंशांकन (कॅलिब्रेशन) आधी करून ठेवले. पहिल्या परंपरेत स्वीडनच्या फॉन डोबेल्न यांची १९५४ ची लोलक-तराजूची सायकल येते. तिच्यात फ्लायव्हीलला (जड चाकाला) घासणाऱ्या पट्ट्याचे बल लोलकाने तोलले जाते: पेडलच्या एका फेरीत फ्लायव्हीलची कड ६ मीटर सरकते, पट्ट्याचे बल १ किलोग्रॅम-भार आणि गती मिनिटाला ५० फेऱ्या असेल तर शक्ती सुमारे ४९ वॉट होते. मात्र साखळीचे घर्षण त्यात धरलेले नसते, त्यामुळे पायांनी दिलेली शक्ती थोडी अधिकच असते. जर्मनीच्या उलरिक शोबेरर यांनी १९८० च्या दशकात क्रँकमध्येच विकृतिमापक (जोराने धातूत होणारा सूक्ष्म ताण मोजणारे संवेदक) बसवून हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. जिममधील मॅग्नेटिक बाइक मात्र बव्हंशी दुसऱ्या परंपरेतील आहे. चुंबक फ्लायव्हीलपासून किती अंतरावर आहे आणि फेऱ्या किती, एवढ्यावरून ती कारखान्यात भरलेल्या कोष्टकातला आकडा दाखवते. चुंबकाची बैठक मिलिमीटरभर सरकली तरी कोष्टक तेच राहते.

उष्णतेचा परिणाम दुर्लक्षित राहतो. तांबे व ॲल्युमिनियम यांचा विद्युत् रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्का वाढतो. रोध वाढला की आवर्त प्रवाह क्षीण होतात, म्हणून चकती २५ अंशांनी तापली तर नेहमीच्या गतीला ब्रेकचे बल साधारण ९ टक्क्यांनी घटते. पाय हलके चालू लागतात, पटल मात्र जुनाच आकडा दाखवत राहते. विकृतिमापक असलेल्या यंत्रांतही तापमानाने शून्य सरकते (जोर नसतानाही आकडा दिसतो), पण ते पुन्हा जुळवता येते. केवळ डाव्या क्रँकवर मापक असेल तर आकडा दुप्पट करून दाखवतात. दोन्ही पायांचा जोर सारखा नसणाऱ्याला तो खरा लागू होत नाही.

आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ २०९५७) अशा यंत्रांचे अचूकतेनुसार ए, बी व सी वर्ग करते. सर्वोच्च ए वर्गातही ५० वॉटच्या पुढे १० टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे खऱ्या २०० वॉटना एक यंत्र १८० आणि दुसरे २२० दाखवील, तरी दोन्ही मानकात बसतात. आकडा वाढवून दाखवला जातो हा जिममधला लोकप्रिय संशय त्यामुळे दर वेळी खरा मानता येत नाही.

कोकणापुरते दोन मुद्दे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी फ्लायव्हीलच्या कडेवर गंज चढतो आणि पावसाळ्यात नमदा किंवा चामड्याचे ब्रेक-पॅड ओलावा धरतात. घर्षणाच्या सायकलींत म्हणून त्याच खुणेवर जोर बदलत जातो, आणि गंज घासून निघाला की पुन्हा बदलतो. संवेदकाच्या जोडांवर क्षार बसले तर काही फेऱ्या गळून आकडा मध्येच पडतो. उलट, एअरबाइकच्या संदर्भात दमट हवेला दोष देणे फारसे बरोबर नाही. ३० अंशांवर पूर्ण संपृक्त हवा कोरड्या हवेपेक्षा जेमतेम दीड टक्का हलकी असते, तर १५ वरून ३० अंशांवर गेल्याने घनता सुमारे ५ टक्के घटते. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून गतीतील दोन टक्के फरकही शक्तीत सहा टक्क्यांचा होतो.

दमट उकाड्यात घाम सुकत नाही आणि तेवढ्याच वॉटला नाडी जास्त चालते. पुष्कळदा यंत्र ‘कमी दाखवते’ ही तक्रार येथून निघते. पटलावरील कॅलरी ही तर अनुमानावरचे अनुमान: स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के धरून एक किलोज्यूल कामाला एक किलोकॅलरी खर्च असा ढोबळ हिशेब लावतात. १०० वॉटने तासभर चालवल्यास तो ३६० किलोकॅलरी येतो. वॉटमध्ये १० टक्के चूक असेल, तर तीही जशीच्या तशी त्यात उतरते.