‘भिऊ नको’ 365 वेळा? मोजून बघा!

बायबलमध्ये ‘भिऊ नको’ 365 वेळा आलंय, रोज एकदा पुरेल असं, हा मेसेज दर जानेवारीत फिरतो. शब्दसूची काढून मोजा. भाषांतरागणिक आकडा बदलतो, पण 365 च्या जवळपासही जात नाही. शिवाय यहुदी पंचांगाचं साधं वर्ष साधारण 354 दिवसांचं, मग हा हिशेब कुणासाठी?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही काही रोज घ्यायची गोळी नव्हे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात बघा. इ.स.पू. 735च्या सुमारास अराम (आजच्या सीरियाचा भाग) आणि इस्राएलचे राजे यहूदा राज्याची राजधानी यरुशलेमवर चालून आले, तेव्हा यहूदाच्या आहाज राजाचं काळीज वाऱ्यातल्या झाडासारखं हललं. परटाच्या शेताकडच्या रस्त्यावर यशयाने त्याला गाठलं: शांत राहा, भिऊ नको, ही तर धुमसणारी दोन कोलितं!

आहाजने ऐकलं नाही. मंदिरातलं सोनं-चांदी काढून बलाढ्य अश्शूर (असिरिया) साम्राज्याच्या राजाला मदतीसाठी नजराणा पाठवला. अरामची राजधानी दिमिष्क (दमास्कस) पडलं, पुढे इस्राएलची राजधानी शोमरोनही पडलं. पण यहूदा अश्शूरचा मांडलिक झाला, आणि आहाजच्या मुलाच्या राज्यात तेच अश्शूरी सैन्य यरुशलेमच्या वेशीपाशी, त्याच परटाच्या शेताजवळ येऊन उभं राहिलं.