नाकात राहणारा न्यूमोकोकस आणि बाळाचे पीसीव्ही लसीचे डोस

मुलाला सर्दी झाली, नाक गळतंय, रात्रभर खोकतंय, की दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून पावडरवालं अँटिबायोटिक सिरप येतं, रेषेपर्यंत पाणी घालायचं, बाटली हलवायची, आणि दोन दिवसांत पोरगं खेळायला लागलं की उरलेलं फ्रीजच्या दारात. अशी सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते, तिच्यावर या औषधाचा काडीचाही परिणाम होत नाही, ती आपोआपच बरी होणार असते. पण औषध वाया गेलं एवढ्यावर हे थांबत नाही, कारण त्याच नाकात आणखी एक जंतू असू शकतो ज्याच्यावर परिणाम नक्की होतो.

तो म्हणजे न्यूमोकोकस. 1881 मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांना तो स्वतंत्रपणे सापडला. लहान मुलांच्या नाकाच्या मागच्या भागात, घशाच्या वर, तो राहतो आणि बहुतेक वेळा काहीही त्रास देत नाही. मूल ठणठणीत असतं आणि शिंकेतून, शेंबडातून तो भावंडांना, आजी-आजोबांना देत असतं. कधीतरी मात्र तो कानात उतरतो आणि कान फुटतो, छातीत उतरला तर न्यूमोनिया, रक्तात गेला तर सेप्सिस (अंगभर भिनणारा जंतुसंसर्ग), मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेनिंजायटिस, आणि मेनिंजायटिसमधून वाचलेल्या काही मुलांची ऐकण्याची शक्ती कायमची जाते.

आता सिरप दिल्यावर नाकात काय होतं ते बघा. औषधाला दबणारे न्यूमोकोकस मरतात, न दबणारे उरतात, त्यांना जागा मोकळी मिळते आणि तेच वाढतात, तेच पुढच्या मुलाकडे जातात. शिवाय हा जंतू शेजारच्या दुसऱ्या जंतूंचे जीन्स (जनुकं) उचलून स्वतःत बसवून घेतो. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी 1928 मध्ये उंदरांवर प्रयोग करताना हे पाहिलं, मेलेल्या घातक न्यूमोकोकससोबत जिवंत निरुपद्रवी न्यूमोकोकस टोचले तर निरुपद्रवी होते तेही घातक झाले. नक्की कोणता पदार्थ इकडून तिकडे गेला हे शोधता शोधता 1944 मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी डीएनएपर्यंत पोचले, म्हणजे आनुवंशिकतेचं रसायन आपल्याला या जंतूमुळे कळलं! जीन्स उचलण्याची हीच सवय आता आपल्याला महागात पडतेय. पेनिसिलीन जंतूच्या ज्या प्रोटीन्सना चिकटून काम करतं त्यांच्या बदललेल्या जीन्सचे तुकडे तो घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जातीच्या इतर जंतूंकडून घेतो, मग औषध नीट चिकटतच नाही. 1967 मध्ये ऑस्ट्रेलियातून पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसची नोंद आली आणि 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि जोहान्सबर्गच्या हॉस्पिटलांत तर मुलं अशाच जंतूंनी गंभीर आजारी पडलेली सापडली. न्यूमोनियात अजूनही बऱ्याचदा अमॉक्सिसिलिन या पेनिसिलीनच्याच कुळातल्या औषधाचा डोस वाढवून भागतं, पण मेंदूच्या आवरणात औषध कमी पोचतं, तिथे हा रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न दबणं, जिवावर बेततो.

आपल्या गडचिरोलीचंच बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1988 च्या सुमारास गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले, मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण 1999 मध्ये भारतातल्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास आला त्यात गंभीर आजारातल्या न्यूमोकोकसपैकी निम्म्याहून जास्त को-ट्रायमोक्साझोलला दाद देत नव्हते. आता न्यूमोनियासाठी पहिलं औषध अमॉक्सिसिलिन आहे, आणि तेही असंच हातचं गेलं तर खेड्यातल्या आशाताईने काय द्यायचं?

म्हणून औषधं हातची जाऊ नयेत यासाठीही मला न्यूमोकोकसवरची लस जास्त महत्त्वाची वाटते. न्यूमोकोकसच्या अंगावर साखरेचं जाड आवरण असतं, त्या आवरणाचे 100 च्या वर प्रकार आहेत. नुसती ती साखर टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिला नीट ओळखत नाही, म्हणून ती एका प्रोटीनला जोडून देतात, तेव्हा प्रतिकारशक्ती तयार होते आणि टिकते. ही पीसीव्ही (न्यूमोकोकल कॉन्ज्युगेट व्हॅक्सिन) लस नाकातलं त्या प्रकारांचं बस्तानही कमी करते, म्हणजे लस न घेतलेल्या आजोबांनाही फायदा. अमेरिकेत 2000 मध्ये सात प्रकारांची पीसीव्ही आली आणि 2004 पर्यंत दोन वर्षांखालच्या मुलांत पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसचे गंभीर आजार 81 टक्क्यांनी घटले, कारण लसीत नेमके तेच प्रकार होते जे औषधं सर्वांत जास्त पचवून बसले होते. अडचणही आली, लसीत नसलेला 19ए हा प्रकार मोकळ्या जागेत वाढला, तोही अनेक औषधांना न दबणारा, मग 2010 च्या तेरा प्रकारांच्या लसीत त्याला घेतलं आणि तो खाली आला. त्यामुळे कोणते प्रकार फिरतायत यावर सतत लक्ष ठेवावंच लागतं.

भारतात सरकारी लसीकरणात पीसीव्ही 2017 मध्ये हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशच्या काही भागांपासून सुरू झाली आणि 2021 मध्ये देशभर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल दहा प्रकारांची आहे आणि त्यात 19ए आहे. खासगीत एका डोसला काही हजार रुपये लागू शकतात, तीच लस उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि फुकटची म्हणून ती कमी दर्जाची असेल असं काही जण समजतात ते अजिबात खरं नाही.

लस घेतली म्हणून न्यूमोनिया होणारच नाही असं मात्र नाही, इतर जंतू आणि व्हायरस आहेतच. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच डॉक्टर गाठा, तिथे अँटिबायोटिक लागू शकतं आणि ते सांगितलं तितके दिवस पूर्ण द्यायचं. फ्रीजमधली उरलेली बाटली मात्र दुसऱ्या मुलाला देऊ नका.

सरकारी डोस दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि बूस्टर नऊ महिन्यांना असतो. पहिला डोस राहिला असेल तर एक वर्षाच्या आत तो सुरू करता येतो, कार्ड घेऊन सिस्टरकडे जा. नऊ महिन्यांचा बूस्टर गोवर-रुबेलाच्या इंजेक्शनबरोबरच येतो, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत होतात.