खाडीतलं कालव नेमकं कोणतं? कालवशेतीच्या संशोधनामागची पार्श्वभूमी

‘कालव’ हा शब्द कोकणात सरसकट वापरला जातो. खडपाला चिकटलेलं लहान, कातरलेल्या कडांचं तेही कालव आणि खाडीच्या चिखलाकडेला सापडणारं मोठ्या, लांबट शिंपल्याचंही कालवच. बाजारात त्याने काही बिघडत नाही. शेती करायची म्हटलं की बिघडतं, कारण प्रत्येक जातीचा अंडी सोडण्याचा काळ आणि खारेपणा सोसण्याची ताकद वेगळी असते.

भारतात कालवं वाढवण्याचे पहिले प्रयोग १९१० च्या सुमारास आंध्र-तमिळनाडूच्या सीमेवरच्या पुलिकत सरोवरात झाले आणि पुढे ते मागे पडले. आज शिकवलं जाणारं तंत्र उभं राहिलं ते १९७० च्या दशकात, तमिळनाडूतल्या तुतिकोरिनला. चुना लावलेल्या कौलांवर बीज, म्हणजे कालवाची पिल्लं, बसवायचं, मग ते खरवडून ट्रेमध्ये वाढवायचं, अशी सुरुवात होती. १९८० च्या दशकात हॅचरीत, म्हणजे पिल्लं काढण्याच्या केंद्रात, बीज तयार होऊ लागलं. १९९० च्या दशकात केरळात ट्रेची जागा रिकाम्या शिंपल्यांच्या माळांनी घेतली, कारण त्या स्वस्त पडतात. बीज बसवताना दोरीवर शिंपले जवळजवळ, मीटरला १० ते १५ ओवतात. बीज धरलं की तेच शिंपले सुटे करून मीटरला ५ या हिशेबाने पुन्हा ओवायचे आणि १ ते २.५ मीटर खोल पाण्यातल्या बांबूच्या मांडवाला टांगायचे. अंतर ठेवलं नाही तर कालवं एकमेकांत रुतून वेडीवाकडी वाढतात आणि मांस भरत नाही.

हे सगळं एका जातीवर बेतलेलं आहे: ‘क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस’. केरळच्या खाड्यांत तिचं बीज पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून बसतं. उत्तर कोकणातल्या खाड्यांची जुनी जात ‘ग्रायफॉइडिस’. पालघर जिल्ह्यातल्या केळव्याच्या खाडीत १९६० च्या दशकात तिचा बारकाईने अभ्यास झाला. ती अंडी सोडते ते ऐन पावसाळ्यात, पाण्याचा खारेपणा उतरल्यावर. अळ्या दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग टेकतात. म्हणजे केरळचं वेळापत्रक घेऊन नोव्हेंबरात माळा सोडल्या, तर हिचा मुख्य हंगाम बहुतेक हुकलेला असतो आणि माळांवर बार्नेकल (चिकटून वाढणारे लहान कवचधारी जीव) भरतात. उलट जुलैतच माळा सोडल्या तर पुराच्या गाळाचा थर शिंपल्यांवर चढतो आणि गाळावर अळी टेकत नाही. मधला काळ फार अरुंद आहे. तो प्रत्येक खाडीत मोजून काढावा लागतो. हे मोजमाप कोकणात सलग झालेलं नाही, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

जात ओळखायला आधी शिंपला उघडून आतला, शिंपला मिटणाऱ्या स्नायूचा ठसा पाहतात. मद्रासेन्सिसमध्ये तो मूत्रपिंडाच्या आकाराचा आणि काळसर जांभळा असतो. ग्रायफॉइडिसमध्ये तो रुंद, लांबट आणि पांढरट असतो. खडपावरच्या ‘सॅकोस्ट्रिया’त वरच्या शिंपेच्या आतल्या कडेला बारीक दाणे दिसतात, खालच्या शिंपेत त्यांना जुळणारे खळगे. दाणे दिसले की पहिल्या दोन्ही जाती बाद. मात्र बाहेरच्या आकारावर विसंबू नये. दाटीत वाढलेलं कालव लांबतं, एकटं वाढलेलं पसरतं.

नावांचा गुंता इथूनच वाढतो. ‘ग्रायफॉइडिस’ हे नाव मुळात जिवंत प्राण्याचं नाही, ते १९व्या शतकात एका जीवाश्माला दिलं गेलं. १९१२ मध्ये भारतीय किनाऱ्यावरच्या जिवंत कालवांची त्या मायोसीन काळातल्या, म्हणजे निदान ५० लाख वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांशी सांगड घालण्यात आली. जीवाश्मात डीएनए उरत नाही, त्यामुळे ही सांगड डीएनएवरून पडताळता येत नाही. मद्रासेन्सिसचं उलटं झालं. १९१६ मध्ये मिळालेलं हे नाव १७९८ च्या ‘बायलिनिएटा’चं दुसरं नाव ठरलं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव पुढे आलं. २०१७ मध्ये आशिया-प्रशांत भागातल्या या जाती ‘क्रॅसोस्ट्रिया’तून काढून ‘मॅगालाना’ या नव्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या नव्या गटात, टाकण्याचा प्रस्ताव आला. त्याच वर्षी कालवांवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी लेखी विरोध नोंदवला. अनेक दशकांचं संशोधन आणि शेतीची पत्रकं जुन्या नावाने आहेत, असं त्यांचं म्हणणं. डीएनएचा पुरावा नव्या नावाच्या बाजूने मांडला जातो. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने विरोधकांचा मुद्दा अधिक वजनाचा आहे. जुन्या नावाने शोध घेतला नाही, तर केळव्याची आणि तुतिकोरिनची आकडेवारी सापडतच नाही.

रोगांच्या अभ्यासात असाच घोळ झाला. अमेरिकेतली कालवं मारणारा परजीवी १९५० मध्ये बुरशी म्हणून नोंदला गेला, १९७८ मध्ये त्याला ‘पर्किन्सस’ हे नाव मिळालं. याच गटातल्या जाती २०१० पासून भारतीय कालवांत आणि मोती शिंपल्यांत आढळल्या. चाचणी साधी आहे. कल्ला आणि गुदाशयाचा तुकडा थायोग्लायकोलेट माध्यमात (परजीवी वाढवण्याच्या द्रवात) घालून ५ ते ७ दिवस अंधारात ठेवायचा, मग लुगोल आयोडीनचा थेंब. परजीवीच्या गोल पेशी काळ्या-निळ्या दिसतात. पण त्यावरून जात कळत नाही. पर्किन्ससची ‘ऑल्सेनी’ ही जात निघाली तर ती आंतरराष्ट्रीय रोगयादीत आहे आणि कळवावी लागते, ‘बैहाईएन्सिस’ त्या यादीत नाही. फरक पीसीआर या डीएनए चाचणीनेच कळतो. त्यासाठी ऊतीचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर डीएनए तुटतो. आणि त्याच कालवाची दोन्ही शिंपं धुऊन, वाळवून, त्याच क्रमांकाने बाजूला ठेवावीत. पुढे नाव बदललं तरी शिंपल्यावरचा ठसा पुन्हा पाहता येतो.